मला मान्य आहे

जाहिरातींचा मला पहिल्यापासून राग नाही. उलट, लहानपणी दिवाळी अंक घरात आला की मी आधी जाहिराती वाचीत असे आणि मग गोष्टींकडे वळत असे. केसांची तेले, उटण्याचे साबण, सोन्याचांदीच्या पेढ्या, प्रेशर कुकर! त्या जाहिरातींतल्या बायका सदैव हसत असत आणि त्यांचे नवरे सदैव वेळेवर घरी येत असत. आमच्या घरात या दोन्ही गोष्टी क्वचितच घडत, त्यामुळे ती पाने मला एखाद्या अद्भुतरम्य कादंबरीसारखी वाटत. शिवाय छापील जाहिरातीच्या अंगी एक मोठा गुण होता. ती आपल्या पानावर बसून राही. पान उलटले की निमूटपणे दृष्टीआड होई. ‘थांबा, खरोखरच पान उलटायचे आहे का?’ असे तिने मला कधी विचारले नाही.

२०२४ सालच्या जून महिन्यात मात्र जाहिराती आमच्या डोंबिवलीच्या घरी मुक्कामालाच आल्या.

आमचा कॉम्प्युटर ही काही मोठी मातबर वस्तू नव्हे. २०२०च्या टाळेबंदीत माझे वर्ग पडद्यावर भरू लागले तेव्हा तो हप्त्याने घेतला, आणि बाहेरच्या खोलीत पूर्वी जिथे शिवणाचे मशीन असे तिथे त्याची स्थापना झाली. घरात आम्ही माणसे चार. मी, आमची सौ., चिरंजीव आणि माझे वडील, म्हणजे अण्णा. चौघांचेही त्या यंत्राशी वेगवेगळे नाते आहे. मी त्यावर व्याख्याने तयार करतो. सौ. आमच्या सोसायटीची खजिनदार असल्यामुळे देखभाल-खर्चाचा हिशेब त्यात ठेवते. चिरंजीव त्यावर अभ्यास करतात, असे ते सांगतात. आणि अण्णा सकाळी चहा झाल्यावर अक्षरे मोठी करून वर्तमानपत्रे वाचतात आणि महिन्याच्या पहिल्या तारखेला पेन्शन जमा झाले की नाही ते पाहतात.

मे अखेर आम्ही सगळे रत्नागिरीला माझ्या मेहुण्याकडे होतो. चिरंजीव दहावीची परीक्षा संपवून आधीच तिकडे जाऊन राहिले होते. जूनच्या पहिल्या आठवड्यात आंब्यांची पेटी आणि उन्हाने रापलेले चेहरे घेऊन परतलो. दुसऱ्या दिवशी मी कॉम्प्युटर उघडला आणि तुकारामाच्या गाथेच्या आवृत्त्यांविषयी काही शोधायला बसलो. नेहमीचे पान उघडलेच नाही. त्याजागी एक अनोळखी, भपकेबाज पान समोर आले. मी गाथेविषयी विचारले. त्याने मला आधी दहा मिनिटांत वैयक्तिक कर्ज, मग धावण्याचे बूट आणि मग सांधेदुखीवरचा रामबाण उपाय दाखवला. तुकोबा चौथ्या क्रमांकावर होते. मी ते पान मिटले, तर आपोआप दुसरे उघडले. तेही मिटले, तर उजव्या हाताच्या खालच्या कोपऱ्यातून ‘टिंग’ असा आवाज करीत एक चौकोन वर आला आणि म्हणाला की, मला बक्षीस लागले आहे.

पुढच्या आठ दिवसांत या प्रकाराला काही धरबंध राहिला नाही. सौ. सोसायटीचा पाणीपट्टीचा आकडा भरीत असताना मध्येच एक तरुणी येऊन तिला वजन घटवण्याचे आवाहन करी. ‘हिला कोणी सांगितलं?’ असे सौ. माझ्याकडे पाहून विचारी. मी शपथेवर सांगतो, मी सांगितले नव्हते.

अण्णांची तऱ्हा निराळी. त्यांची सारी नोकरी तार ऑफिसात गेली. तारेतला शब्द म्हणजे रोकडा पैसा. दहा शब्दांचा मजकूर सात शब्दांत बसवून देणे ही त्यांची कला होती. दिवाळीच्या शुभेच्छा तर नुसत्या एका आकड्यावर जात, कारण ठराविक मजकुरांना ठराविक आकडे असत. २०१३च्या जुलैत तारसेवा बंद झाली तेव्हा शेवटच्या दिवशी ते मुंबईला जाऊन रांगेत उभे राहिले आणि त्यांनी आपल्याच घरच्या पत्त्यावर तार केली. असा गृहस्थ पडद्याच्या कोपऱ्यात उमटणाऱ्या मजकुराकडे दुर्लक्ष कसे करणार? ज्याने कोणी पाठवले आहे त्याने पदरमोड करून पाठवले असणार, तेव्हा ते निकडीचेच असणार, हा त्यांचा हिशेब. ते प्रत्येक चौकोन चष्मा लावून वाचीत आणि त्याला उत्तर देता येते का ते पाहत.

एकदा कुठल्याशा पानावर त्यांना विचारले गेले की, तुम्ही यंत्रमानव नसाल तर ‘अलाऊ’ दाबा. अण्णांनी दाबले. नंतर मी रागावलो तेव्हा ते शांतपणे म्हणाले, “अरे, तो विचारतोय की तुम्ही माणूस आहात का. माणसानं ‘हो’ म्हणायला नको?” या युक्तिवादाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. मला नंतर कळले की, त्या एका ‘हो’ने त्या पानाला आमच्या पडद्यावर केव्हाही निरोप धाडण्याचा परवाना मिळतो, पान बंद असले तरी.

इथपर्यंत हा सारा विनोदच होता. बारा जूनला दुपारी त्यातला विनोद संपला.

मी महाविद्यालयातून परत आलो तेव्हा अण्णा खुर्चीवर बसलेले होते, पण त्यांचे हात थरथरत होते. सौ. त्यांना पाणी देत होती. कॉम्प्युटरचा पडदा काळा होता. झाले होते ते असे. अण्णा वर्तमानपत्र वाचीत असता सारा पडदा एकदम लाल झाला आणि भोंग्यासारखा आवाज येऊ लागला. ‘तुमच्या कॉम्प्युटरमध्ये पाच विषाणू शिरले आहेत, तुमच्या बँक खात्याची माहिती चोरीला जात आहे, कॉम्प्युटर बंद करू नका, ताबडतोब या क्रमांकावर फोन करा,’ असा मजकूर. वर एका सुप्रसिद्ध कंपनीचे बोधचिन्ह. अण्णांनी कपाटातून पासबुक काढले, डेबिट कार्ड काढले, दोन्ही पुढ्यात ठेवले आणि फोन लावला. लाइन एंगेज होती. त्यांनी पुन्हा लावला. पुन्हा एंगेज. तिसऱ्यांदा ते आकडे दाबीत असताना सौ. स्वयंपाकघरातून बाहेर आली. सोसायटीची खजिनदार असल्यामुळे पैशांविषयी घाईघाईने बोलणाऱ्या कोणाचाही तिला तत्काळ संशय येतो. तिने अण्णांच्या हातून फोन घेतला, “अण्णा, हे घरी येऊ देत, मग करू,” म्हणाली आणि भिंतीवरचे बटणच बंद केले.

फोन लागला असता तर काय झाले असते हे मी नंतर विचारून घेतले. पलीकडचा इसम अत्यंत आदबशीरपणे बोलला असता, दूरून कॉम्प्युटर हाताळता यावा म्हणून एक प्रोग्रॅम त्याने अण्णांकडून उतरवून घेतला असता, आणि मग पेन्शनचे खाते ‘सुरक्षित करण्यासाठी’ त्यांच्याच हातून उघडवले असते. तो इसम फार लांब बसलेला असेल असेही नाही. अमेरिकेतल्या लोकांना करखात्याचे अधिकारी म्हणून धमकावणारी फोन-केंद्रे २०१६च्या ऑक्टोबरात ठाणे पोलिसांनी आमच्याच जिल्ह्यात, मीरा रोडला, पकडली होती. मायक्रोसॉफ्टने तर केव्हाच सांगून ठेवले आहे की, त्यांच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर कधीच नसतो. आणि पैसे गेलेच, तर १९३० हा सरकारी क्रमांक जितक्या लवकर लावावा तितके बरे. हे सारे आज मी घडाघड सांगतो. बारा जूनला यातले काहीही मला ठाऊक नव्हते.

मला त्या दिवशी एकच गोष्ट ठाऊक होती, ती म्हणजे गुन्हेगार कोण. घरात सोळा वर्षांचा मुलगा असला की बाप फारसा तपास करीत नाही. मी चिरंजीवांना समोर उभे केले आणि विचारले, “काय काय उतरवलंस त्या कॉम्प्युटरवर? कुठला गेम?” तो म्हणाला, “मी काही नाही केलं, बाबा.” मी म्हणालो, “मग काय मी केलं? का अण्णांनी केलं?” तो गप्प राहिला. त्या गप्प राहण्याचा अर्थ मी मला हवा तसा लावला. वर्गात मी अभिधा, लक्षणा आणि व्यंजना शिकवतो. घरी मला एकच शब्दशक्ती अवगत आहे.

मी कॉम्प्युटरला नवा पासवर्ड लावला आणि तो त्याला सांगितला नाही. अकरावीच्या प्रवेशाचे दिवस होते. अर्ज भरायचा तो ऑनलाइन, महाविद्यालयांची पसंती द्यायची तीही ऑनलाइन. तो मित्राच्या घरी जाऊन भरून आला. जेवताना बोलेनासा झाला. सौ. एकदाच म्हणाली, “अहो, तो नाही म्हणतोय ना?” मी म्हणालो, “तू मध्ये पडू नकोस.” ही वाक्ये मी इथे लिहून ठेवतो, कारण ती विसरावीत असे मला फार वाटते.

रविवारी आमच्या महाविद्यालयातले संगणक विभागाचे प्रयोगशाळा-सहायक घरी आले. हे गृहस्थ एरवी फार अबोल. मराठी विभागाचा छपाईयंत्रात अडकलेला कागद काढण्यापलीकडे आमचा त्यांचा संबंध नाही. त्यांनी चहा घेतला, खुर्ची पुढे ओढली आणि काही शोधण्याऐवजी आधी मलाच विचारले, “सर, हे कधीपासून?” मी म्हणालो, “मुलगा गावाहून आल्यापासून.” ते ‘हं’ म्हणाले आणि त्यांनी कॉम्प्युटरमध्ये बसवलेल्या सगळ्या प्रोग्रॅमांची यादी उघडली. सेटिंग्जमध्ये ‘ॲप्स’ म्हणून सदर आहे, तिथे ती मिळते. ती नावाप्रमाणे लावता येते, आकाराप्रमाणे लावता येते आणि तारखेप्रमाणेही लावता येते. त्यांनी ती तारखेप्रमाणे लावली.

यादीत एकाच दिवशी आलेली चार नावे एकाखाली एक उभी होती. एक होता लेखनाचा टंक बदलून देणारा प्रोग्रॅम. दुसरा ‘शोधसहायक’. तिसरा खरेदीवर सवलती मिळवून देणारा. चौथा कॉम्प्युटरचा वेग वाढवणारा. याच्या येण्यापासून आमचा कॉम्प्युटर बैलगाडीच्या चालीने चालू लागला होता. आणि चौघांच्याही पुढे तारीख होती, २० मे २०२४.

त्या दिवशी काय होते ते डोंबिवलीत कोणालाही विचारा. त्या दिवशी लोकसभेचे मतदान होते. सकाळी अण्णांना रिक्षाने नेऊन आम्ही तिघांनी मत दिले. उमेदवारांची यादी मी आदल्या रात्री नीट वाचली होती. मत हे विचार करूनच दिले पाहिजे, असे सौ.ला आणि अण्णांना जेवताना ऐकवलेही होते. रात्री दहाच्या सुमारास मी कॉम्प्युटरपाशी बसलो. माझा एक जुना लेख पंधरा वर्षांपूर्वीच्या टंकात अडकलेला होता आणि संपादकांना तो युनिकोडमध्ये हवा होता. दुसऱ्या दिवशी पहाटे रत्नागिरीची गाडी. उंदरावर ठेवलेल्या माझ्या बोटाला शाई लागलेली होती, ती मला अजून डोळ्यांसमोर दिसते. चिरंजीव तेव्हा रत्नागिरीत मामाच्या माडीवर झोपलेले असणार.

मी सहायकांना हळूच म्हटले, “हे मीच केलं.” ते म्हणाले, “सर, सगळेच करतात.” तेवढ्यावर ते थांबले असते तर बरे झाले असते, पण एव्हाना सौ. दारात येऊन उभी राहिली होती.

मग त्यांनी मला ते कसे झाले असेल ते समजावून दिले, आणि मला एकेक पायरी आठवत गेली. मी फुकट टंक-बदल शोधला. जे पान उघडले त्यावर ‘डाउनलोड’ असे लिहिलेली तीन बटणे होती. त्यांतले सर्वांत मोठे, हिरवेगार बटण मी दाबले. ते त्या प्रोग्रॅमचे नव्हतेच, ती जाहिरातच होती. मग एक चौकट आली. तीत दोन पर्याय होते, ‘झटपट, शिफारस केलेले’ आणि ‘आपल्या पसंतीने, जाणकारांसाठी’. मी स्वतःला जाणकार समजत नसल्यामुळे शिफारस केलेले घेतले. आता गंमत पाहा. मी दरवर्षी प्रथम वर्षाच्या मुलांना कर्मणी प्रयोग शिकवतो. कर्त्याला लपायचे असेल तर कर्मणी प्रयोगासारखी सोयीची जागा नाही, हे माझे आवडते वाक्य. ‘शिफारस केलेले’ म्हणजे कोणी केलेले, हा प्रश्न मला त्या रात्री सुचला नाही. पुढच्या चौकटींत लहान लहान चौकोन होते आणि त्यांत बरोबरच्या खुणा आधीच करून ठेवलेल्या होत्या; आपण फक्त ‘पुढे’ म्हणायचे. शेवटी कलमांचा एक लांबलचक मजकूर आणि खाली ‘मला मान्य आहे’. ते मी दाबले. सकाळी एक मत दिले होते, रात्री चार दिली.

अशा प्रोग्रॅमला ॲडवेअर म्हणतात. जाहिराती दाखवणे हाच त्याचा धंदा. फुकटच्या प्रोग्रॅमच्या पोटात घालून हे घराघरांत पोचवले जातात आणि पोचवणाऱ्याला दर घरामागे दलाली मिळते. २०१६ साली गूगल आणि न्यूयॉर्क विद्यापीठ यांच्या संशोधकांनी या दलालीच्या बाजाराचा माग काढला, तेव्हा आठवड्याला सहा कोटींहून अधिक उतरवण्यांचे प्रयत्न या मार्गाने होत असल्याचे त्यांना आढळले. इतका मोठा बाजार उघडपणे चालतो कसा? तर आपण ‘मान्य आहे’ म्हटलेले असते म्हणून. त्यामुळे विषाणूंना विषाणू म्हणणाऱ्या कंपन्यासुद्धा यांना सरळ शिवी देत नाहीत. त्यांचे नाव ‘संभवतः नकोसे प्रोग्रॅम’! या ‘संभवतः’ शब्दावर मी एक तासिका घेऊ शकेन.

माझे पडलेले तोंड पाहून सहायकांनी माझे सांत्वन केले. २०१५ साली, ते म्हणाले, लेनोवोच्या काही नव्याकोऱ्या लॅपटॉपांत ‘सुपरफिश’ नावाचा जाहिरातखोर कारखान्यातूनच बसवून आलेला सापडला होता. बँकेच्या पानावर जे कुलूप दिसते त्याच्या आतसुद्धा तो डोकावू शके. अमेरिकेत खटला होऊन २०१७ साली तडजोड झाली. “त्या लोकांनी तर काही दाबलंही नव्हतं, सर.” मला फारसे बरे वाटले नाही. मी दाबले होते.

काढण्याचे काम सकाळी अकराला सुरू झाले आणि दुपारी अडीचला संपले. मला वाटले होते की नावावर बोट ठेवून ‘काढून टाका’ म्हटले की झाले. पहिले तिघे तसे गेलेही, पण जाताना त्यांनी जे आढेवेढे घेतले ते लग्नघरातल्या मावशींनाच शोभावेत. ‘आपण जात आहात याचे आम्हाला दुःख आहे’, जणू घर आमचे नसून त्यांचे! ‘खरोखर काढायचे?’ म्हणून विचारून ‘राहू द्या’ हे बटण ठळक निळे आणि ‘काढा’ हे पुसट राखाडी. एकाने तर ‘नाही, काढू नका असे नाही’ अशा अर्थाची दुहेरी नकाराची रचना केली होती. इंग्रजीच्या प्राध्यापकांना दाखवावी म्हणून मी ती वहीत उतरवून घेतली. चौथा निघाला, कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला, आणि तो पुन्हा हजर! सहायक हसले. विंडोजमध्ये ठरलेल्या वेळी ठरलेली कामे करण्याचे एक वेळापत्रक असते, ‘टास्क शेड्यूलर’. तिथे या पठ्ठ्याने ‘अपडेट’ असे सोज्ज्वळ नाव धारण करून एक नोंद करून ठेवली होती, की कॉम्प्युटर सुरू झाला रे झाला की मला परत आणा. आधी ती नोंद खोडली, मग तो गेला.

मग ब्राउझरची पाळी. त्यात ‘एक्स्टेन्शन’ नावाची पुरवणी जोडण्याची सोय असते. आमच्या ब्राउझरला अशा सहा पुरवण्या जोडलेल्या निघाल्या. पाच निघाल्या. सहावीपुढे काढण्याचे बटणच नव्हते. त्याजागी लिहिले होते की, ही व्यवस्था तुमच्या संस्थेकडून केली जाते. मी दचकलो. आमच्या महाविद्यालयाचे व्यवस्थापन पुष्कळ गोष्टींत लक्ष घालते, पण माझ्या घरच्या कॉम्प्युटरपर्यंत? सहायकांनी खुलासा केला की, मोठ्या कचेऱ्यांतून साहेबाला सगळ्यांच्या ब्राउझरवर हुकूम चालवता यावा म्हणून विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे तिच्या अंतस्थ दप्तरात, एक जागा राखलेली असते. या पुरवणीने तिथे जाऊन स्वतःच साहेबाची खुर्ची पटकावली होती. त्यांनी आधी दप्तराची नक्कल काढून ठेवली, मग ते एक पान काढून टाकले. “हे मात्र तुम्ही एकट्यानं करू नका,” असे त्यांनी बजावले. न बजावतासुद्धा मी केले नसते.

तरीही ब्राउझर उघडला की तेच भपकेबाज पान! आता मात्र सहायकही क्षणभर थांबले. मग त्यांनी पडद्यावरच्या ब्राउझरच्या चित्रावर उजवी कळ दाबून ‘प्रॉपर्टीज’ पाहिले. प्रोग्रॅमच्या पत्त्याची जी ओळ असते तिच्या शेपटाला एका पानाचा पत्ता डकवलेला होता. म्हणजे आपण चित्रावर टिचकी मारायची, ब्राउझर उघडायचा आणि सोबत तेही पान उघडायचे. पत्त्यावर पत्ता चिकटवण्याची ही चलाखी पाहायला अण्णा आतून उठून आले. “आमच्याकडे असं कोणी केलं असतं तर सस्पेंड झाला असता,” ते म्हणाले.

पुढचे काम सोपे होते. ब्राउझरच्या सेटिंग्ज मूळ स्थितीला आणल्या. त्यात खुणेची पाने आणि जपून ठेवलेले पासवर्ड जात नाहीत, ही भीती माझ्यासारखी इतरांनाही असेल म्हणून सांगतो. निरोप धाडण्याचे परवाने ज्यांना दिले होते त्यांची यादी काढली. तेवीस नावे निघाली. अण्णा तेवीस जणांना माणूस असल्याचे सांगून बसले होते. तेवीसही खोडली. सर्वांत शेवटी ‘ॲडक्लीनर’ नावाचा केरसुणीसारखा एक छोटा, फुकट प्रोग्रॅम चालवला. २०११ साली तो फ्रान्समध्ये जन्मला आणि २०१६ साली मालवेअरबाइट्स कंपनीने तो घेतला. तो सहायकांनी त्या कंपनीच्याच पानावरून उतरवला. पत्ता त्यांनी एकेक अक्षर वाचून टाकला, शोधून आलेले पहिले बटण दाबले नाही. केरसुणीला आणखी एकोणीस कचरे सापडले. विंडोजच्या सुरक्षेतले ‘संभवतः नकोसे’ अडवण्याचे कलम बंद पडलेले होते, ते चालू केले. मग सौ.ने आपल्या मोबाइलवरून बँकेचे आणि टपालाचे सगळे पासवर्ड बदलले. त्या लाल पडद्याविषयी सहायक म्हणाले की, नुसती ‘एस्केप’ कळ जरा वेळ दाबून धरली तरी बहुधा सुटका होते, नाहीतर कंट्रोल, ऑल्ट, डिलीट या तीन कळा एकदम दाबून ब्राउझर बंद करावा. “पण वहिनींनी बटण बंद केलं तेच बरं झालं.” हे वाक्य सौ.ने मला त्यानंतर चारदा ऐकवले आहे.

सहायक जेवून गेले. चिरंजीव संध्याकाळी घरी आले. मी दिवसभर मनात वाक्य जुळवत होतो. भाषेवर पोट भरणाऱ्या माणसाला इतके साधे वाक्य जुळवायला इतका वेळ लागावा याचे मलाच नवल वाटत होते. रात्री तो गॅलरीत उभा होता. मी जवळ जाऊन उभा राहिलो आणि म्हणालो, “अरे, ते माझ्याच हातून झालं होतं. वीस मेला. तू तर मामाकडे होतास.”

“माहीत आहे,” तो म्हणाला.

“कसं?”

“तुम्ही पासवर्ड टाकायच्या आधी मी यादी बघितली होती. तारीख दिसते त्यात.”

“मग बोलला का नाहीस?”

तो थोडा वेळ खाली रस्त्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, “बोललो की. मी नाही केलं, असं म्हटलं होतं.”

मी नवा पासवर्ड त्याला सांगितला. तो ‘बरं’ म्हणाला आणि आत गेला. दोन दिवसांनी जेवताना त्याने माझ्याकडे आपण होऊन लोणचे मागितले, तेव्हा माझ्या घशाखाली घास सरळ उतरू लागला.

आता आमच्याकडे काहीही उतरवायचे म्हणजे एक समारंभ असतो. मी खुर्चीवर, चिरंजीव उंदरावर आणि अण्णा मागे उभे. परवा मला एका जुन्या कोशाची प्रत उघडण्यासाठी काहीतरी बसवायचे होते. पहिली चौकट आली. अण्णांनी ती अथपासून इतिपर्यंत मोठ्याने वाचली, वाचताना बोटावर शब्द मोजले आणि “एवढं सांगायला याला बेचाळीस शब्द कशाला लागले?” असे विचारले. मला घाई होती. मी हात पुढे केला, तर चिरंजीवांनी उंदीर बाजूला सरकवला.

“थांब,” अण्णा म्हणाले, “खाली अजून काही लिहिलंय. अक्षर फार बारीक आहे. माझा तो दुसरा चष्मा आण बघू.”

मी उठलो आणि चष्मा आणायला गेलो.